मतदानाच्या दिवशी शाळा बंद हवीच, पण सुट्टी नीट मोजून द्या

तुम्ही विचारलंय की मतदानाच्या दिवशी सगळ्याच शाळा बंद ठेवायची खरंच गरज आहे का, की जिथे मतदान केंद्र आहे तेवढ्याच बंद ठेवून बाकीच्या चालवता येतील. तुमची मुलगी खाजगी शाळेत आहे, तिथे केंद्र नसतं, तरी तिला सुट्टी मिळते आणि ती दिवसभर घरात कंटाळते, असंही तुम्ही लिहिलंय.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत एकोणीस वर्षं शिकवतोय. पाटण तालुक्यातली डोंगरातली वाडी, पहिली ते चौथीचे वर्ग, आम्ही दोन शिक्षक. लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत, सगळ्या निवडणुकांच्या ड्युट्या केल्यात. माझं उत्तर सरळ आहे: शाळा बंद हवी, आणि सगळ्यांची हवी. पण एक दिवस शाळा बंद ठेवली की भागलं, असं धरून जे नियोजन केलं जातं त्यावर माझा राग आहे. त्या एका दिवसाने मुलांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आगेमागेच्या दिवसांत, जेव्हा कागदावर शाळा चालू असते आणि वर्गावर कोणीच नसतं.

आधी जागेचं बघा. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेच्या २८८ जागांसाठी राज्यभर एकाच दिवशी मतदान झालं, तेव्हा एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. एवढ्या खोल्या आणायच्या कुठून? खोली पक्की हवी, शक्यतो तळमजल्यावर हवी, वीज-पाणी-शौचालय हवं, म्हाताऱ्या माणसांना चढता येईल असा उतार हवा, आणि मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त पायपीट पडू नये. देवळात, मशिदीत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात केंद्र ठेवता येत नाही. वाडीवर मग शाळेशिवाय उरतं काय? मुंबई-पुण्यात २०२४ला मोठ्या सोसायट्यांच्या आवारात केंद्रं केली, ते चांगलंच झालं. आमच्याकडे सोसायटी म्हणजे विकास सोसायटी, आणि तिचं ऑफिस दहा बाय दहाचं. शिवाय शाळेत केंद्र असण्याचा फायदाही झालाय, तो नाकारणार नाही. आमच्या शाळेला उतार कधीपासून मागत होतो, तो झाला एका निवडणुकीच्या तोंडावर. शौचालयाचं दारही त्याच आठवड्यात बसलं.

दुसरं म्हणजे माणसं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्यातलं कलम २७ सांगतं की शिक्षकाला शिकवण्याव्यतिरिक्त कामाला लावायचं नाही. अपवाद तीनच: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीत मदत, आणि निवडणूक. म्हणजे निवडणुकीचं काम आम्हाला कायद्यानेच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मतदारयादी हातात घेऊन बसलेल्या माणसाला गावाने ओळखावं, त्याच्यावर विश्वास ठेवावा, हे शिक्षकाच्या बाबतीत अजून घडतं, याचा मला अभिमान आहे. पण त्याच्याही आधी, डिसेंबर २००७ मध्ये, दिल्लीतल्या सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं. हे एक वाक्य जरी मनापासून पाळलं गेलं असतं, तरी तुमच्या प्रश्नाला मला एवढं लांब उत्तर लिहावं लागलं नसतं.

पाळलं जात नाही म्हणजे काय, ते २०२४चंच सांगतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्या उघडत होत्या. शुक्रवारी १५ तारखेला गुरुनानक जयंती, १७ला रविवार, बुधवारी २०ला मतदान. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच साहित्य घ्यायला तालुक्याला जावं लागतं, म्हणजे मंगळवार गेलाच. त्यात बातमी आली की १८, १९ आणि २० असे तीन दिवस शाळांना सुट्टी. आमच्या गटांवर धडाधड मेसेज. पालक विचारायला लागले. मग खुलासा आला की सरसकट सुट्टी नाही, ज्या शाळेतले सगळे शिक्षक निवडणुकीच्या कामावर आहेत तिथे मुख्याध्यापकांनी आपल्या पातळीवर निर्णय घ्यावा. आता आमच्यासारख्या दोन शिक्षकी शाळेत दोघांनाही ड्युटी. निर्णय काय घ्यायचा त्यात? पण तो रविवारी रात्रीपर्यंत पालकांना सांगता आला नाही, कारण आम्हालाच नक्की माहीत नव्हतं. सोमवारी शाळा भरवली, मुलं कमी आली. खालच्या वस्तीवरची दोन पोरं मंगळवारीही चालत येऊन कुलूप बघून परत गेली, असं मला नंतर कळलं. तिसरीतला मुलगा आणि त्याची पहिलीतली बहीण. पाऊण तास यायला, पाऊण तास जायला. शाळेतली खिचडी हे त्यांचं दुपारचं जेवण असतं.

मला हे फार लागलं, अजून लागतं. सुट्टी असणं आणि सुट्टी आहे हे माहीत असणं यात त्या दोघांच्या दीड तासाचं अंतर होतं.

आता ड्युटी म्हणजे काय असते, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं शिक्षक सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. आपण नोकरी करतो किंवा राहतो त्या मतदारसंघात ड्युटी देत नाहीत. त्यामुळे माझ्या शाळेत दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्यातून पथक येतं, आणि मी तिसऱ्याच कोणाच्या तरी शाळेत जातो. त्या वेळी मला कोरेगाव मतदारसंघातलं एक गाव मिळालं होतं. मी मतदान अधिकारी क्रमांक एक, म्हणजे यादीवर खूण करणारा आणि मतदाराचं नाव उमेदवारांच्या सगळ्या एजंटांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचणारा.

मंगळवारी सकाळी साहित्य वाटप. यंत्रं, सिलं, पाकिटं, अर्ज, शाईची बाटली, सगळं यादीप्रमाणे टिक करून घ्यायचं. मग एसटीने गावात. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आम्हाला जी खोली दिली ती पहिली-दुसरीची होती, मी शिरल्या शिरल्या ओळखलं. फळ्यावर अजून सोमवारचा वार आणि तारीख होती, पट एकवीस, हजर बारा. कोपऱ्यात मण्यांच्या माळा टांगलेल्या, दहा-दहाच्या. खिडकीच्या कठड्यावर डाळिंबाच्या बियांनी चिकटवलेला हत्ती वाळत ठेवलेला. बाकं व्हरांड्यात रचली होती.

भिंतीवर मुळाक्षरं रंगवलेली. क कमळाचा, घ घड्याळाचा, ण बाणाचा. केंद्राध्यक्षांनी ते बघितलं आणि म्हणाले, "सर, हे झाकावं लागेल." बरोबरच आहे, केंद्रात कोणत्याही पक्षाच्या चिन्हासारखं काही दिसता कामा नये. आम्ही झाकायला कागद शोधायला लागलो. वर्तमानपत्र चालत नाही, कारण त्यात पुढाऱ्यांचेच फोटो. शेवटी साहित्याबरोबर आलेले कोरे कागद घेतले आणि चिकटपट्टीने लावले. कमळावर एक, घड्याळावर एक, बाणावर एक. राहून गेलं असतं म्हणून हजेरीच्या तक्त्यावरचे हाताचे ठसेही झाकले. मुलांनी रंगात पंजे बुडवून काढलेले होते ते, प्रत्येकाच्या पंजाखाली त्याचं नाव.

रात्री शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी पिठलं-भाकरी आणली. आम्ही पैसे देऊनच जेवलो. कोणा उमेदवाराच्या माणसाकडून पाण्याची बाटलीसुद्धा घ्यायची नसते, त्यामुळे या ताईंचे उपकार फार वाटतात. सतरंजीवर झोपलो. नोव्हेंबरची थंडी, फरशीतून वर येत होती. पहाटे साडेचारला उठून, साडेपाचला एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, पन्नास मतं टाकायची, यंत्रातून पडलेल्या चिठ्ठ्यांशी ताडून बघायची, सगळं पुसायचं, सिलं लावायची. सातला पहिला मतदार. संध्याकाळी सहाला रांगेत जेवढे उभे, त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या. मग यंत्र बंद करणं, सतरा-सी म्हणजे झालेल्या मतांच्या हिशोबाच्या अर्जाच्या प्रती, केंद्राध्यक्षांची डायरी, पाकिटांवर पाकिटं. निघायच्या आधी मी फळा तसाच ठेवला, बाकं आत घेतली आणि कागद हळूहळू काढायला गेलो. बाणाबरोबर रंगाचा पोपडा निघून आला. हत्ती मात्र मी स्वतः रात्रीच कपाटावर उचलून ठेवला होता, तो शाबूत होता. गाडी खाली हॉर्न वाजवत होती, त्यामुळे ण तसाच सोडून जावं लागलं. त्या गुरुजींची किंवा बाईंची माफी मागायची राहिली, ती इथे मागतो.

साहित्य जमा करून, पोच घेऊन घरी आलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी गुरुवार. उशिरा परतलेल्यांचा तो दिवस कर्तव्यकाळ धरतात, पण आमच्या हातात तसा कागद नव्हता, आणि साडेदहाला मुलं अंगणात उभी राहणार हे माहीत होतं. आम्ही दोघेही गेलो. शिकवलं असं म्हणवत नाही. हजेरी घेतली, खिचडी झाली, मुलांनी चित्रं काढली. म्हणजे हिशोब करा: मंगळवार, बुधवार पूर्ण गेले, सोमवार आणि गुरुवार निम्मे-निम्मे. प्रशिक्षणाचे दिवस यात धरलेच नाहीत, ते आणखी वेगळे. आणि सरकारी कागदावर सुट्टी किती? एक.

पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. एका वर्षात एक निवडणूक आली तर चार-पाच दिवस भरून काढता येतात. पण लोकसभा, विधानसभा, मग नगरपरिषदा, महापालिका अशा एकामागून एक लागल्या की ते भरून निघत नाहीत. आणि हे दिवस सगळ्यात जास्त जातात ते ज्या शाळेत शिक्षक कमी आहेत तिथेच. वीस शिक्षकांच्या शाळेतले आठ गेले तरी वर्ग एकत्र करून चालवता येतो. आमच्याकडे दोघं गेले की कुलूप.

आता तुमच्या मुलीच्या शाळेकडे येतो. तिथे केंद्र नसलं तरी ती बंद असावी असं मला वाटतं, आणि त्याचं पहिलं कारण तिथली माणसं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ मध्ये कलम १३५-ब आलं, त्याप्रमाणे नोकरी करणाऱ्या प्रत्येक मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळायला हवी. शाळेतल्या बाई, शिपाई, बसचे ड्रायव्हर, लहान वर्गांच्या मावशी, हे सगळे मतदार आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांचं नाव गावाकडच्या यादीत असतं. पुण्यात शिकवणाऱ्या आणि नाव पाथर्डीला असलेल्या बाईंना दोन तासांची सवलत देऊन काय उपयोग? शिवाय कलम १६०खाली प्रशासन वाहनं ताब्यात घेऊ शकतं, त्यात शाळांच्या बसही जातात. तुम्ही शाळा चालू ठेवायला सांगाल, पण मुलीला न्यायला बस येणार नाही. आणि अनुदानित शाळांतले शिक्षक तर आमच्याबरोबरच ड्युटीला असतात.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मग मतदान रविवारीच का ठेवत नाहीत. ऑस्ट्रेलियात शनिवारी असतं, तेही बहुतेक शाळांतच, त्यामुळे हा विचार चुकीचा नाही. पण आपल्याकडे भीती वेगळी आहे. २०१९ची विधानसभा २१ ऑक्टोबरला, सोमवारी झाली, आणि शनिवार-रविवारला जोडून शहरातली माणसं बाहेरगावी गेली अशी ओरड झाली. २०२४ला तारीख जाहीर करताना मुख्य निवडणूक आयुक्तांनी बुधवार मुद्दाम ठेवल्याचं सांगितलं, ते याच कारणासाठी. मला स्वतःला बुधवार पटतो. मतदान वाढत असेल तर शाळेचा एक बुधवार द्यायला माझी हरकत नाही. फक्त तो बुधवार त्याच्या मंगळवारासकट आणि गुरुवारासकट मोजा एवढंच मागणं आहे.

म्हणजे नेमकं काय करावं? ज्या शाळेत केंद्र आहे किंवा जिथले निम्म्याहून जास्त शिक्षक कामावर आहेत, तिथे आदला दिवस आणि नंतरचा दिवस धरून तीन दिवसांची सुट्टी निवडणूक जाहीर होतानाच लेखी द्यावी. मुख्याध्यापकांच्या गळ्यात निर्णय टाकू नये, कारण उद्या कोणी विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. ते तीन दिवस पुढे कुठल्या सुट्टीतून भरून काढायचे, तेही त्याच पत्रात असावं. प्रशिक्षणं रविवारी ठेवावीत, आम्ही येऊ. मुलांचा त्या दिवसांचा कोरडा शिधा आधी घरी द्यावा. करोनाच्या काळात तांदूळ आणि डाळ घरी न्यायला दिलीच होती, त्यामुळे जमत नाही असं कोणी म्हणू नये. आणि खोली ताब्यात घेणाऱ्याने ती जशी होती तशी परत करायची, त्यासाठी झाडलोट आणि रंगापुरते चार पैसे शाळेच्या खात्यावर यावेत. हे शेवटचं फार बारीक वाटेल, पण का म्हणतोय ते ऐका.

त्या गुरुवारी मी माझा वर्ग उघडला तेव्हा माझ्याही भिंतीवरचे तुकडे गेले होते. माझ्याकडेही क कमळाचाच आहे. कमळाच्या अर्ध्या पाकळ्या चिकटपट्टीबरोबर गेल्या होत्या आणि घड्याळाचे काटे उडाले होते. खिडकीजवळ फरशीवर शाई सांडलेली. ती शाई सिल्व्हर नायट्रेटची, उजेड लागला की काळी पडते, आणि आमच्या फरशीवरून आजतागायत निघालेली नाही. आलेल्या पथकाचा मला राग आला नाही. तेही माझ्यासारखेच अर्ध्या झोपेत होते, आणि जाताना त्यांनी खोली झाडून ठेवली होती.

दुसरीतल्या एका मुलीने डागाकडे बघून विचारलं, "गुरुजी, शाळेनं पण मत दिलं?"

मी तिला जवळ बसवून सांगितलं की इथे तिच्या आजीने, आईने, सरपंचांनी, दूध घालणाऱ्या मामांनी सगळ्यांनी याच खोलीत येऊन मत दिलं, आणि रांगेत सगळे एकामागे एक उभे होते. तिच्या आईचं बोट तिने पाहिलं होतंच. मग तिने फरशीवरच्या डागावर स्वतःचं बोट ठेवून बघितलं, लागतं का ते. मुलांना दिवसभर सुट्टी का होती, हे त्या वर्षी मला पुन्हा वेगळं शिकवावं लागलं नाही. म्हणून तुम्हालाही सुचवतो, तुमची मुलगी घरी कंटाळत असेल तर तिला मतदानाला सोबत न्या. लहान मुलांना रांगेत कोणी हटकत नाही.

पुढच्या शनिवारी, दप्तराशिवायचा दिवस होता, आम्ही भिंत पुन्हा रंगवली. डबे मी पाटणहून आणले, माझ्याच पैशांनी, आणि ब्रश दोनच होते म्हणून पाळ्या लावल्या. चौथीच्या पोरांनी कमळ घेतलं. घड्याळ त्याच दुसरीतल्या मुलीला हवं होतं. काटे कुठे काढू म्हणून तिने विचारलं, मी म्हटलं तुला हवे तिथे काढ. तिने बराच वेळ विचार करून साडेदहा वाजवले, शाळा भरायची वेळ.